ट्रामच्या रुळांची खाच

परवा माझ्या थोरल्या बहिणीची नात मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "आजी, हे पाहा, तुमच्या काळातलं." मुंबईत कुठंसा रस्ता खोदताना डांबराखालून ट्रामचे जुने रूळ निघाले होते आणि लोक त्यांच्याभोवती उकिडवे बसून फोटो काढत होते. एक बाई तर रुळावरून असा हात फिरवत होती की गाल लावायचाच काय तो बाकी राहिला होता. मागं कुणीतरी सतार छेडत होतं आणि भरल्या गळ्याचा एक माणूस वारसा, वैभव, निवांत मुंबई असं काहीबाही बोलत होता. मला उमासा आला. बोलायची तऱ्हा म्हणून सांगत नाही, खरोखरचा, पोटातून वर येणारा उमासा. पोरीला वाटलं पित्त झालं. ती लगबगीनं जिऱ्याचं पाणी घेऊन आली. मी म्हटलं, "ते पाणी राहू दे, आधी हे बंद कर."

तिला बिचारीला काय ठाऊक असणार. तिच्या घरात तिला कोणी काही सांगितलेलं नाही, आणि ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्यात आता मीच तेवढी उरले आहे. चिखलीच्या एका शाळेत मी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवलं. सगळी माणसं समान असतात हे फळ्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, न येणाऱ्यांना अंगठे धरून उभं केलं. आणि स्वतःच्या घरची गोष्ट मात्र तोंडातून कधी काढली नाही. मास्तरीणबाई म्हणून मला गावात मान आहे, याचीही अलीकडे मला शिसारी येते.

ज्यांनी ट्राम पाहिली नाही त्यांना आधी खाच म्हणजे काय ते सांगायला हवं. आगगाडीचा रूळ जमिनीच्या वर आलेला असतो. ट्रामचा तसा नव्हता. तो भर रस्त्यात, रस्त्याच्या पातळीत बसवलेला असायचा, कारण त्याच्यावरून माणसं, टांगे, हातगाड्या सगळं जायचं. मग चाकाची कड बसायला त्या रुळात बोट-दोन बोटं रुंदीची खाच ठेवलेली असायची. मैलोन् मैल उघडी खाच, तीही तसल्या शहरात. बैलांचं शेण, घोड्यांची लीद, पानाच्या पिचकाऱ्या, केळाची सालं, भिजल्या चिंध्या, चेंगरलेले उंदीर, सगळं त्या खाचेत जाऊन बसायचं. पावसाळ्यात त्याचा काळा राबडा व्हायचा आणि उन्हाळ्यात तेच वाळून दगडासारखं घट्ट व्हायचं. ते काढलं नाही तर चाक उचललं जाई आणि दोन मजल्यांची गाडी रुळावरून घसरे. म्हणून रोज, बारा महिने, काही माणसं हातात लोखंडी आकडी आणि बादली घेऊन कमरेत वाकून त्या खाचेमागं चालत असायची. माझे बाबा त्या माणसांतले एक होते.

गावात मात्र ते ड्रायव्हर होते. आमचं घर अमडापूरचं, भाजीपाल्याचा मळा होता, विहिरीला पाणी बरं होतं. माय, थोरली वच्छीताई आणि मी, अशा तिघी मिळून वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचो आणि बाजाराच्या दिवशी माय टोपली घेऊन बसायची. बाबा वर्षातून एकदा यायचे, अंगावर इस्त्रीचा सदरा, पिशवीत आमच्यासाठी रिबिनी आणि मायसाठी काचेच्या बरण्या. ते ड्रायव्हर असल्याची थाप माझ्या मामानं मारली होती. मामाचं गावात किराणा-कापडाचं दुकान होतं आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या त्याला सारखं कोणाला तरी मोठं करावं लागे, म्हणजे आपल्याच कुणा नातेवाइकाला. "आमचे दाजी ममईत टराम हाकतात. दोन मजल्याची. पायाखाली घंटा हाय, बंदे लोक बाजूले सरतात." हे ऐकवल्याशिवाय तो कोणाला गूळसुद्धा तोलून देत नसे. बाबांनी त्याला खोडून काढलं नाही. सुटीवर आले की आम्ही त्यांना घंटा वाजवून दाखवायला सांगायचो, मग ते अंगणात उभे राहून पाय आपटायचे आणि तोंडानं टणटण टणटण करायचे. वच्छीताई हसून लोटपोट व्हायची.

मी मात्र एके वर्षी हसणं सोडलं. त्या वर्षी मायच्या डोळ्याचं काहीतरी दाखवायला म्हणून आम्ही दोघी मलकापूरहून आगगाडीनं मुंबईला गेलो. बाबा कामावर गेले की चाळीतली एक शेजारीण आम्हाला फिरवायची. एके दुपारी तिनं आम्हाला ट्रामच्या वरच्या मजल्यावर बसवलं. लाकडी बाकं, मोकळा वारा, खालून घंटेचा आवाज. मी प्रत्येक समोरून येणाऱ्या ट्रामच्या ड्रायव्हरकडे पाहत होते, बाबा दिसतात का म्हणून. एका वळणावर आमची गाडी रेंगाळली. खाली रस्त्यावर अर्धी चड्डी घातलेला एक माणूस एका गुडघ्यावर बसून खाचेतून काळं काहीतरी ओढून बादलीत टाकत होता. गाडीसाठी बाजूला सरताना त्यानं मान वर केली. ते बाबा होते. त्यांनी मला पाहिलं, हसले, आकडीचा हात जरासा उचलला. मी तोंड फिरवून मायकडे पाहू लागले. माय पलीकडच्या बाजूच्या दुकानांत रंगली होती, तिला काही दिसलं नाही. संध्याकाळी बाबा नेहमीसारखे साबणानं अंग घासून, स्वच्छ होऊन आले. "वरून मजा आली काय वं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी कागदातून जिलेबी आणली होती. ती मी खाल्ली नाही, आणि का खाल्ली नाही हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच कळलं.

पुढं ट्राम बंद झाल्या. शेवटच्या ट्रामला लोक लोंबकळले, ड्रायव्हरच्या गळ्यात हार घातले, असं बाबा सांगायचे. त्या दिवशी सकाळीसुद्धा मुकादमानं त्यांच्या टोळीला खाचा साफ करायला लावल्या होत्या, दुसऱ्या दिवसापासून त्याच खाचांत डांबर ओतायचं होतं तरी. खाचवाल्यांच्या गळ्यात कोणी हार घातला नाही. बसच्या डेपोत गाड्या धुण्याचं काम मिळत होतं, पण बाबांचं मन उडालं होतं. ते ट्रंक आणि आपली आकडी घेऊन अमडापूरला आले. ती आकडी हातभर लांब होती, टोकाला चपटी आणि किंचित वळलेली. मामा आल्यागेल्याला ती दाखवून म्हणायचा, "हे टरामच्या ब्रेकचं हँडल. कंपनीनं दाजीले मानानं दिलं." अमडापुरात ट्राम कोणी पाहिली होती म्हणून ते खोटं पडेल!

त्या वर्षाच्या संध्याकाळी माझ्या चांगल्या लक्षात आहेत. दिवेलागणीच्या आधी ओसरीवर मेथीचा ढीग पडायचा आणि आम्ही चौघं बसून जुड्या बांधायचो. चुलीवर बेसन रटरटत असायचं, माय मधेच उठून भाकर थापायची. ते दोन्ही आवाज मला आजही वेगळे काढता येतात. बाबा ट्रामच्या गोष्टी सांगायचे. सुरुवातीला ट्राम घोडे ओढायचे, गोऱ्यांची कंपनी होती. उन्हात घोड्यांना भोवळ येऊ नये म्हणून त्यांच्या डोक्यावर टोप्या घालत. मग विजेची ट्राम आली, मग वर मजला चढला, गोरे गेले, कंपनी गेली, पण लोकांच्या तोंडी कंपनीच राहिली. शेवटाला पोचलं की गाडी वळवत नसत, दोरीनं वरचा दांडा फिरवायचा आणि बाकांच्या पाठी उलट्या करायच्या, की मागचं पुढं झालं. टोप्यांच्या गोष्टीला आम्ही फार हसायचो. बाबा हसत नसत. "घोड्याले टोपी होती," ते म्हणायचे, "त्याची लीद काढनाऱ्याले नव्हती." वच्छीताईला त्यात काही वावगं वाटत नसे. मी मात्र मान खाली घालून जुडीची गाठ मारायचे आणि मनात म्हणायचे, आता गप्प बसा.

कारण त्यांची ती सवय मला सहन होत नव्हती. खाच दिसली की त्यांचा हात गेलाच. दाराच्या चौकटीतली धूळ ते काडीनं काढायचे. पाटात गाळ साचला की मजुराची वाट न पाहता स्वतः उतरायचे. मोरीचं तोंड तर रोज. जेवायला बसले की मी त्यांच्या नखांकडे पाहायचे. नखं स्वच्छ असायची, आमच्या सगळ्यांच्या नखांपेक्षा स्वच्छ, तरी पाहायचे आणि घास तोंडात फिरायचा. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. पंधराव्या वर्षी माणसाला कळत नाही असं जे म्हणतात, ते खोटं आहे. मला सगळं कळत होतं.

वच्छीताईचं लग्न धामणगाव बढ्याच्या एका घरात ठरलं. मामानंच जुळवलं. घर खातंपितं, मुलगा शिकलेला. पोरगी ट्राम ड्रायव्हरची, हे मामानं आधीच तिकडं पिकवून ठेवलं होतं. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्या दारी करायचं ठरलं, गल्लीत मांडव टाकला. आणि आदल्या दिवशी मामानं एक हुशारी केली. आमच्या गल्लीची नाली किसनदादा काढायचा, रोज सकाळी, फावडं घेऊन. मामानं त्याला दुकानासमोर थांबवून सांगितलं, "उद्या शुभकार्य हाय. पंगती उठतलोक गल्लीत दिसू नको." किसनदादा "हो जी" म्हणाला आणि लेकीकडे सुलतानपूरला निघून गेला. आता शंभर-सव्वाशे माणसं हातपाय धुणार, भाज्यांचे देठ पडणार, पत्रावळी पडणार, आणि नाली काढणारा मात्र अपशकुन म्हणून गावाबाहेर. इतकं साधं गणित आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात एकालाही सुटलं नाही. मला विचाराल तर ते कोणाला सोडवायचंच नव्हतं.

व्याही माणूस बोलका होता. उमेदीची काही वर्षं त्यानं मुंबईत गिरणीत काढली होती, आणि त्याला ट्रामचं भारी वेड. बाबांना पाहताच त्यानं त्यांना शेजारी बसवून घेतलं. "काय शान होती जी त्या टरामची! पितळेचं हँडल, टोपीवाला ड्रायव्हर. काय सांगता येते, तुमच्याच गाडीत बसलो असन मी. कोणत्या रस्त्याले असायचे तुम्ही?"

बाबांनी मामाकडे पाहिलं. मामा पुढं सरसावला. "सगळ्याच रस्त्याले! दाजीसारखा हात बंद्या ममईत नव्हता, पाव्हणे."

बाबा खाली पाहत राहिले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वच्छीताईला कुंकू लागलं, पेढा झाला, पाव्हण्यांची पंगत बसली. पुरणपोळी, वांग्याची भाजी, कढी, भजी. पहिली पोळी वाढून होते तोच वास आला. नाली तुंबली होती. काळं पाणी काठावरून गल्लीत उतरलं आणि मांडवाखाली, सावकाश, पत्रावळींच्या दिशेनं येऊ लागलं. त्यात वांग्याचे देठ तरंगत होते, आणखी काय काय होतं ते लिहीत नाही. गरम पुरण आणि ती घाण, दोन्ही वास एकात एक मिसळले. त्यानंतर आजवर मी पुरण खाल्लेलं नाही.

"अरे, त्या किसन्याले बोलवा!" कोणी तरी ओरडलं. तो सुलतानपूरला गेला, दुसऱ्यानं सांगितलं. मग सगळे मामाकडे पाहायला लागले आणि मामा आभाळाकडे. रोज गोठ्यात शेणात कोपरापर्यंत हात घालणारी ती माणसं होती, धडधाकट, तीस-चाळीस तरी. सगळी उपरण्यानं नाक दाबून उभी राहिली. नालीला हात लावायचा म्हणजे किसनदादाचं काम करायचं, आणि ते काम केलं तर आपण कोण उरलो, असा तो प्रश्न होता. पाणी पहिल्या पत्रावळीपासून वीतभर राहिलं.

बाबा उठले. घरात जाऊन आकडी घेऊन आले, नवं धोतर गुडघ्याच्या वर खोचलं आणि नालीशी एका गुडघ्यावर बसले. कुठं अडलंय ते त्यांना पाहावं लागलं नाही, आकडी नुसती फिरवून कळलं. दोन वेळा आत घातली, मनगट वळवलं आणि पत्रावळींचा भिजलेला गोळा अख्खा बाहेर ओढला. मग हात घालून उरलेला गाळ काढला. घरघर आवाज झाला, पाणी मागं फिरलं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम. इतकं नेटकं काम मी पुढं आयुष्यात फार कमी माणसांचं पाहिलं, पण हे आज म्हणते आहे. तेव्हा मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

व्याही पत्रावळीवरून उठून जवळ आला. आकडीकडे टक लावून पाहू लागला. "हे हँडल नाही होय," तो हळूच म्हणाला. "अशा आकड्या मी पाह्यल्या हायेत. हे तर खाचा उकरनाऱ्याची आकडी हाय."

मामा काही तरी बोलायला गेला. बाबांनी हातानं त्याला थांबवलं, त्या तसल्या हातानं, आणि मामा एक पाऊल मागं सरला. "हो जी," बाबा म्हणाले. "मी टराम कधी हाकली नाही. खाचा साफ करत होतो, अठरा वर्सं. तुम्ही बसत होते ते टराम त्याच्यानं रुळावर ऱ्हायली."

"अन् संगं कोण कोण होतं कामाले?"

हा प्रश्न कुठं जाणार आहे हे मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. बाबांनाही कळलं. एक साधं खोटं बोलले असते तरी भागलं असतं. "सगळेच होते जी. किसनच्या जातीचे बी होते. एका डब्यात जेवत होतो आम्ही."

पंगत उठली. वाढलेल्या पोळ्या तशाच राहिल्या. पाव्हणे मारुतीच्या पारावर जाऊन बसले आणि तासाभरानं त्यांचा निरोप आला. मुलगी पसंत आहे, सोयरीक मोडत नाही. पण कन्यादान मामानं करायचं, मुलीच्या बापानं मांडवात यायचं नाही, आणि इथून पुढं मुलीचं माहेर म्हणजे मामाचं घर. मामा लगेच "मंजूर" म्हणाला. मायनं चुलीपुढून मान वर केली नाही. वच्छीताईच्या कपाळावर ओलं कुंकू होतं, ती पदराचं टोक पिळत बसली. सोयरीक मोडली असती तरी चाललं असतं असं आज वाटतं, पण तेव्हा मोडलेल्या सोयरिकीच्या मुलीचं काय होई तेही मी पाहिलेलं आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "पोरीचं भलं होऊन ऱ्हायलं ना, मंग झालं." लग्नाच्या दिवशी ते मळ्यात मेथीला पाणी देत होते. वाजंत्रीचा आवाज तिथवर जात होता. त्यानंतर ते सहा-सात वर्षं जगले. वच्छीताई त्यांना भेटायला यायची ती बांधाबांधानं, मळ्याच्या मागच्या अंगानं, आणि घराचा उंबरा न ओलांडता परत जायची.

इथवर मी मामाला नावं ठेवली, व्याह्यांना ठेवली, मायलासुद्धा सोडलं नाही. दुसऱ्याची किळस लिहायला सोपी असते. त्या दिवशीचं एक अजून राहिलं आहे.

पाव्हणे पारावर गेले तेव्हा बाबा नालीशी तसेच उभे होते, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, अंगापासून दूर धरलेले. त्यांना स्वतः रांजणाला हात लावता येत नव्हता. जवळ कोणी जाईना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि मला हाक मारली, "पोरी, पाणी टाक वं हातावर." मी तांब्या भरून नेला. मला कोणी काही शिकवलं नव्हतं, कोणी डोळ्यानं खुणावलंही नव्हतं. पण किसनदादा पाणी मागायला आला की आमच्या गल्लीतल्या बाया जसं ओतायच्या, हात लांबवून, तांब्या खांद्याइतका उंच धरून, शिंतोडा आपल्याकडे येणार नाही असं बघून, तसंच मी ओतलं. धार वाऱ्यानं हलत होती. निम्मं पाणी त्यांच्या हातावर पडत होतं आणि निम्मं जमिनीवर. बाबांनी तांब्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि मधल्या अंतराकडे. अठरा वर्षांत मुंबईनं जे त्यांना केलं नव्हतं ते त्यांच्या लेकीनं त्यांच्या दारात केलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं.

"जरा खाली धर," ते अगदी हळू म्हणाले, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "वाया चाललं पाणी."

मी तांब्या खाली आणला नाही. तो तसाच संपला. हात अजून अर्धे काळे होते. दुसरा तांब्या आणायला मी गेले नाही.